दर एकाच जागी ठेवा: आंब्याच्या पेटीवरून शिकू व्ह्यू फ्रेमवर्क



चॅनेलवर या आठवड्याचा व्हिडिओ आहे वेबसाइटच्या फ्रेमवर्कवर. व्हिडिओत मी स्क्रीनवर कोड टाइप करून दाखवलाय. या लेखात त्यामागचा विचार आहे. आधी हा वाचा, मग व्हिडिओ लावून लॅपटॉपवर हात चालवा. फक्त कोड बघून टाइप केला तर व्हिडिओतलं पान तयार होईल, पण तुमच्या धंद्याचं पान बनवताना अडकाल.

हा धडा प्रोग्रामर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना स्वतःचा माल ऑनलाइन विकायचाय, स्वतः थोडं शिकायचंय, किंवा कुणाकडून वेबसाइट करून घेताना आपले पैसे कुठे चाललेत हे कळायला हवंय, त्यांच्यासाठी आहे. थोडं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट पाहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तरी लेखातला विचार समजेल.

अडचण नेमकी काय आहे?

समजा, येणेरे-काळे बाजूला तुमची हापूसची बाग आहे. कोकणचा हापूस संपत येतो तेव्हा आपल्या जुन्नरचा उतरायला लागतो. हातात जेमतेम काही आठवडे. पुण्यातल्या सोसायट्यांना थेट पेट्या द्यायच्या म्हणून तुम्ही एक साधं पान बनवलं. मोठ्या फळाची पेटी १२०० रुपये, मध्यम ९००, लहान ६००. (आकडे फक्त शिकण्यासाठी धरलेत, बाजारभाव समजू नका.)

आता १२०० हा आकडा पानावर किती ठिकाणी आहे ते मोजा. वरच्या बॅनरवर एकदा, पेटीच्या फोटोखाली एकदा, ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एकदा, बेरीज करणाऱ्या कोडमध्ये एकदा. चार ठिकाणी. मंगळवारी सकाळी माल जास्त उतरला आणि तुम्ही दर १००० केला. घाईत तीन ठिकाणी बदललात, चौथं राहिलं. बॅनर म्हणतो १०००, बिल येतं १२०० च्या हिशोबाने. कस्टमर फोन करत नाही. तो स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. त्या दिवशीच्या दोनशे रुपयांपेक्षा पुढच्या सीझनचं गिऱ्हाईक जातं, हे नुकसान मोठं.

म्हणून आजच्या धड्याचं एकच सूत्र लक्षात ठेवा: जी गोष्ट बदलते ती एकाच जागी लिहायची, आणि बाकी सगळ्या पानाने ती तिथूनच वाचायची. फ्रेमवर्कचं मुख्य काम हेच आहे. बाकी सगळी नावं आणि नियम याच सूत्राच्या भोवती फिरतात.

आधी विचारा: मला हे लागतंय का?

मी नेहमी सांगतो, दुकानाला शटर लागतं म्हणून लिफ्ट बसवायची नसते.

तुमच्या पानावर फक्त पत्ता, फोन, वेळ आणि चार फोटो असतील तर फ्रेमवर्क नको. गूगलवर व्यवसायाचं मोफत प्रोफाइल बनवा, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरा, झालं काम. एक साधं एचटीएमएलचं पान असलं तर अजून छान.

फ्रेमवर्क तेव्हा लागतं जेव्हा पानावर तीन गोष्टी एकत्र येतात. एक, सारख्या रचनेच्या वस्तू पुन्हा पुन्हा दाखवायच्या आहेत. दोन, आकडे बदलत राहतात. तीन, कस्टमर पानावर काहीतरी निवडतो आणि त्याप्रमाणे पान लगेच बदलायला हवं. आंब्याच्या ऑर्डरच्या पानाला तिन्ही लागू होतात.

कंपोनंट म्हणजे काय? खोडदला जाऊन बघा

नारायणगावहून खोडदला गेलात की शेतांच्या मधोमध मोठमोठ्या पांढरट जाळीच्या डिश दिसतात. ती जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरए या केंद्राची ही दुर्बीण, आणि तिची कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. तिथे एकूण ३० डिश आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या आजूबाजूच्या गावांच्या शिवारात पसरल्यात. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर जवळपास २५ किलोमीटर.

आता बघा, ३० डिशसाठी ३० वेगवेगळी डिझाइन केली असती तर? खर्च किती झाला असता, आणि दुरुस्तीला किती प्रकारचे सुटे भाग लागले असते? त्यांनी एक रचना पक्की केली आणि तीच वापरली. प्रत्येक डिशची जागा वेगळी, पण रचना तीच.

कंपोनंट म्हणजे ही पक्की केलेली रचना. मराठीत आपण त्याला घटक म्हणू. तुमच्या पानावर पेटीचं कार्ड हा एक घटक: वर फोटो, खाली नाव, दर, शिल्लक आणि ‘टोपलीत टाका’ हे बटण. रचना एकदाच लिहायची. मग मोठी, मध्यम, लहान अशा तीन पेट्या असोत की उद्या तेरा, तीच रचना वापरायची. बटणाचा रंग बदलायचा झाला तर एका फाइलमध्ये बदला, सगळ्या कार्डांवर बदलतो.

खोडदवरून अजून एक गोष्ट शिकायची आहे. कुठल्या दिशेला बघायचं हे डिश स्वतः ठरवत नाही. मध्यवर्ती नियंत्रण कक्षातून सूचना जाते. आणि डिशने पकडलेला सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून परत मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे सगळ्या डिशच्या सिग्नलचा हिशोब एकत्र होतो. सूचना वरून खाली, सिग्नल खालून वर. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

व्ह्यूच का?

घटकांवर चालणारी तीन नावं तुम्ही जास्त ऐकाल. रिॲक्ट फेसबुकमध्ये तयार झालं आणि २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. अँग्युलर गूगलचं. व्ह्यू हे इव्हान यू यांनी २०१४ मध्ये आणलं. त्याआधी ते गूगलमध्ये काम करत होते. व्ह्यूची सध्याची तिसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट २०२३ च्या शेवटी बंद झाला, त्यामुळे इंटरनेटवर जुने धडे दिसले तर आवृत्ती आधी तपासा. तिन्ही मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवान्याची अडचण नाही.

नोकरी शोधायची असेल तर रिॲक्टची मागणी मोठी आहे. पण आपल्याला दुकान चालवायचंय. व्ह्यूमध्ये लिहिलेलं पान साध्या एचटीएमएलसारखं दिसतं, त्यामुळे नवशिक्याला लवकर सापडतं. म्हणून मी व्ह्यूवरून शिकवतो. आज शिकलेला विचार उद्या रिॲक्टकडे गेलात तरी तसाच कामाला येतो, फक्त लिहिण्याची पद्धत बदलते.

लॅपटॉप बंद ठेवा, कागद घ्या

ही पायरी टाळू नका. कोऱ्या कागदावर तुमचं पान काढा. मग पेनने चौकटी करा. आंब्याच्या पानाचं असं होईल:

१. सगळ्यात बाहेरची चौकट: पूर्ण ॲप.
२. वरची पट्टी: बागेचं नाव आणि टोपलीत किती पेट्या आहेत तो आकडा.
३. पेट्यांची यादी. तिच्या आत पेटीचं कार्ड, तीनदा.
४. टोपली: निवडलेल्या पेट्या, डिलिव्हरी, एकूण.
५. ऑर्डरचा फॉर्म: नाव, पत्ता, फोन.

आता दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि बदलणाऱ्या गोष्टींना गोल करा. दर, शिल्लक, टोपलीतली संख्या, एकूण रक्कम. प्रत्येक गोलाला एक प्रश्न विचारा: ‘हा आकडा मूळ आहे, की दुसऱ्या आकड्यांवरून काढता येतो?’

दर मूळ आहे. शिल्लक मूळ आहे. कस्टमरने किती पेट्या निवडल्या तेही मूळ. पण एकूण रक्कम मूळ नाही, ती काढता येते. वरच्या पट्टीतला टोपलीचा आकडाही काढता येतो. नियम सोपा: मूळ आकडे साठवायचे, काढता येणारे आकडे कधीही साठवायचे नाहीत. हा कागद नीट झाला तर निम्मी वेबसाइट झाली समजा.

आता मशीन तयार करू

तीन गोष्टी लागतात, तिन्ही मोफत.

पहिलं, नोड जेएस. त्याच्या अधिकृत साइटवर ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती असते, ती घ्या. एलटीएस म्हणजे जिला जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहतात ती. दुसरं, कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर. तिसरं, कुठलाही चालू ब्राउझर.

मग टर्मिनल उघडून ‘एनपीएम क्रिएट व्ह्यू’ ही आज्ञा द्यायची. नेमकी अक्षरं व्हिडिओत आहेत. ती तुम्हाला प्रकल्पाचं नाव विचारेल, नंतर टाइपस्क्रिप्ट हवं का, राउटर हवं का, असे प्रश्न येतील. पहिल्या वेळी काहीच निवडू नका. पहिल्या दिवशीच सगळी भांडी ओट्यावर काढली तर स्वयंपाक होत नाही.

पुढे प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि मग ‘एनपीएम रन डेव्ह’. टर्मिनल एक पत्ता दाखवेल, तो ब्राउझरमध्ये उघडा. तुमचं पहिलं पान दिसेल. हे फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे, जगाला अजून दिसत नाही, त्यामुळे बिनधास्त मोडतोड करा. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं. हे पडद्यामागचं काम व्हीट नावाचं साधन करतं. तेही इव्हान यू यांनीच सुरू केलेलं.

घटकाच्या फाइलमध्ये काय असतं?

व्ह्यूमध्ये एक घटक म्हणजे एक फाइल, आणि फाइलचे तीन भाग.

टेम्प्लेट: काय दिसणार. फोटो, नाव, दर, बटण यांची मांडणी. जिथे बदलता आकडा हवा तिथे दुहेरी महिरपी कंसात त्याचं नाव लिहायचं. व्ह्यू तिथे खरा आकडा बसवतो.

स्क्रिप्ट: माहिती काय आहे आणि बटण दाबल्यावर काय होणार.

स्टाइल: रंग, आकार, अंतर. ‘स्कोप्ड’ हा शब्द लावला की ही स्टाइल फक्त याच घटकापुरती राहते. नाहीतर पेटीच्या कार्डाचा रंग बदलायला जाल आणि फॉर्मचाही बदलेल.

या पाच शब्दांवर पहिला महिना निघतो:

१. प्रॉप. बाहेरून घटकाला दिलेली माहिती. पेटीच्या कार्डाला नाव, दर, फोटो वरून मिळतात. खोडदची सूचना आठवा. कार्डाने मिळालेला दर वाचायचा, स्वतः बदलायचा नाही. व्ह्यू तसं करूही देत नाही, इशारा देतो.

२. इव्हेंट. घटकाने वर पाठवलेला निरोप. कस्टमरने ‘टोपलीत टाका’ दाबलं की कार्ड वर सांगतं, ‘मध्यम पेटी, एक नग’. टोपलीचा हिशोब कार्ड करत नाही, वरचा ॲप करतो. म्हणजे खोडदचा सिग्नल.

३. स्टेट. या क्षणाची बदलती मूळ माहिती. व्ह्यूमध्ये ती ‘रेफ’ मध्ये ठेवतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचं उदाहरण घ्या. क्रेट तोच, २० किलोचा. जुलै २०२३ मध्ये त्याच क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला होता, आणि पुढच्या काही आठवड्यांत खाली आला. क्रेट हा घटक, भाव ही स्टेट. रेफमधला आकडा बदलला की पानावर जिथे जिथे तो वापरलाय तिथे तिथे व्ह्यू स्वतः बदलतो. तुम्ही ठिकाणं शोधत बसायचं नाही.

४. कम्प्युटेड. इतर आकड्यांवरून काढलेला आकडा. मूळ बदललं की हा आपोआप नव्याने निघतो.

५. व्ही-फॉर आणि व्ही-इफ. पहिला म्हणजे ‘यादीतल्या प्रत्येकासाठी एक कार्ड बनव’. दुसरा म्हणजे ‘अट खरी असेल तरच दाखव’, जसं शिल्लक शून्य असेल तर ‘संपली’ ही पट्टी. व्ही-फॉरबरोबर प्रत्येक वस्तूला ‘की’ म्हणजे वेगळी ओळख द्यायची. बिलबुकावर प्रत्येक पावतीला नंबर असतो ना, तसंच.

कम्प्युटेडमुळे पैसे कसे वाचतात ते बघा

तुमची स्कीम आहे: ३००० किंवा त्याहून जास्त खरेदीवर डिलिव्हरी मोफत, नाहीतर १५० रुपये.

कस्टमरने दोन मोठ्या आणि एक मध्यम पेटी घेतली. २४०० अधिक ९०० म्हणजे ३३००. डिलिव्हरी मोफत. एकूण ३३००.

आता मोठ्या पेटीचा दर १२०० वरून १००० झाला. २००० अधिक ९०० म्हणजे २९००. ही रक्कम ३००० च्या खाली गेली. डिलिव्हरीचे १५० लागले. एकूण ३०५०.

बघितलंत? दोन पेट्यांवर मिळून दर ४०० ने उतरला, पण बिल फक्त २५० ने कमी झालं. दर बदलल्याने डिलिव्हरीची अटही फिरली. तुम्ही ‘डिलिव्हरी मोफत’ ही गोष्ट वेगळी साठवून ठेवली असती, तर दर बदलल्यावर ती तशीच मोफत राहिली असती आणि प्रत्येक अशा ऑर्डरमागे १५० रुपये तुमच्या खिशातून गेले असते. पन्नास ऑर्डरचे ७५००. सीझन संपल्यावर हिशोब करताना कळलं असतं, आणि तेव्हा कुणाकडे मागणार?

खरेदीची बेरीज कम्प्युटेड, डिलिव्हरी कम्प्युटेड, एकूण कम्प्युटेड. मूळ फक्त दर आणि नग. असं केलं की आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

धंद्याची एक टीपही घ्या. अशा कस्टमरला पानावर दाखवा: ‘अजून १०० रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत’. हाही कम्प्युटेड आकडाच आहे: ३००० वजा २९००. त्यात कस्टमरला फायदा दिसतो, आणि तुमची एक लहान पेटी जास्त जाते.

दर घरबसल्या कसा बदलायचा?

सुरुवातीला दर आणि शिल्लक यांची एक वेगळी छोटी फाइल ठेवा. त्यात तीन पेट्या, त्यांची नावं, दर, शिल्लक, एवढंच. बाकी सगळे घटक तिथूनच वाचतील.

प्रकल्प गिटहबवर ठेवा आणि नेटलिफायसारख्या होस्टिंगला जोडा. लहान पानासाठी मोफत योजना पुरते. मग मोबाइलच्या ब्राउझरमधून गिटहबवर ती एक फाइल उघडायची, १२०० चं १००० करायचं, सेव्ह करायचं. होस्टिंग पान पुन्हा बांधून थोड्या वेळात लाइव्ह करतं. बागेत उभं राहून दर बदलता येतो. ‘दादा, जरा रेट बदलून द्या ना’ असा फोन कुणालाच करायला नको.

हाताने पान चढवायचं असेल तर ‘एनपीएम रन बिल्ड’ द्या. ‘डिस्ट’ नावाचं फोल्डर तयार होतं. कस्टमरपर्यंत जायचं सामान तेवढंच, तेच होस्टिंगवर टाकायचं.

फ्रेमवर्क काय करत नाही, हेही माहीत हवं

शेवटची पेटी दोघांना विकू शकतं. शिल्लक एक आहे. मंचरचा कस्टमर आणि हडपसरचा कस्टमर दोघांनी एकाच वेळी पान उघडलंय. दोघांनाही ‘१ शिल्लक’ दिसतेय, दोघेही ऑर्डर देतात. प्रत्येकाचं पान त्याच्याच ब्राउझरमध्ये चालतं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. हे थांबवायला मागे सर्व्हर आणि डेटाबेस लागतो. तोपर्यंत सरळ मार्ग: पानावर ‘ऑर्डर पक्की’ असं लिहू नका, ‘ऑर्डरची विनंती मिळाली, फोन करून पक्की करू’ असं लिहा. आणि पैसे पक्कं झाल्यावरच घ्या. आधी घेऊन परत करण्यात पैसेही जातात आणि नावही.

ब्राउझरमधला दर कस्टमर बदलू शकतो. थोडं तांत्रिक ज्ञान असलेला माणूस स्वतःच्या ब्राउझरमध्ये १००० चं १० करू शकतो. म्हणून पेमेंट गेटवे जोडाल तेव्हा रक्कम सर्व्हरवर पुन्हा मोजलीच पाहिजे. गेटवेची गुप्त की समोरच्या कोडमध्ये कधीही लिहू नका. ब्राउझरपर्यंत गेलेलं काहीच गुप्त राहत नाही.

रिफ्रेश केलं की टोपली रिकामी. स्टेट ब्राउझरच्या चालू मेमरीत असते. टोपली टिकवायची तर लोकल स्टोरेजमध्ये ठेवावी लागते. हा पुढच्या धड्याचा विषय.

व्हॉट्सॲपवर लिंक कोरी दिसते. लिंक पाठवल्यावर फोटो आणि नाव येण्यासाठी ती माहिती मुख्य एचटीएमएल फाइलमध्येच लिहावी लागते. व्हॉट्सॲप तुमचं जावास्क्रिप्ट चालवून बघत नाही. आपला बराच धंदा ग्रुपवरून येतो, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी करा.

जड फोटो हलके होत नाहीत. मोबाइलवर काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच टाकला तर फ्रेमवर्क काही करणार नाही. घाटाकडच्या गावांत नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. फोटो लहान करूनच चढवा.

काम दुसऱ्याला देणार असाल तर

बरेच जण म्हणतील, सर, आम्हाला कोड लिहायला वेळ नाही. हरकत नाही. मग बनवून देणाऱ्याला पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. दर मी स्वतः बदलू शकतो का? करून दाखवा.
२. दर एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो का? माझ्यासमोर बदला.
३. डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर घेणार ना?
४. पूर्ण कोड, फक्त डिस्ट फोल्डर नाही, माझ्या गिटहब खात्यात देणार का?
५. कुठलं फ्रेमवर्क, कुठली आवृत्ती? तिचा सपोर्ट चालू आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डिस्ट फोल्डर म्हणजे तयार भाकरी, पीठ नाही. उद्या ती व्यक्ती फोन उचलेनाशी झाली, तर तयार भाकरीवरून दुसरा माणूस तुम्हाला चपाती करून देऊ शकत नाही. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि पैसे पुन्हा तुमचेच.

या आठवड्याचा गृहपाठ

आंब्याचं पान मी दाखवलं, तुम्ही दुसरं करा. यातलं एक निवडा:

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा होमस्टे: खोलीचं कार्ड, दिवसाचा दर, माणसं, जेवणासह की शिवाय. ‘एकूण’ कशावरून निघतं ते कागदावर लिहा.

लेण्याद्री-ओझरला येणाऱ्या भाविकांसाठी गाडी: गाडीचं कार्ड, किलोमीटर, थांबण्याचा आकार.

तुमचं आहे ते दुकान: फक्त सर्वात जास्त विकणाऱ्या पाच वस्तू. पन्नास नाही, पाचच.

पहिल्या दिवशी फक्त कागद. दुसऱ्या दिवशी नोड आणि रिकामा प्रकल्प. तिसऱ्या दिवशी एक कार्ड, आकडे सरळ टेम्प्लेटमध्ये लिहून. चौथ्या दिवशी तेच कार्ड प्रॉपवर आणा आणि व्ही-फॉरने पाच करा. पाचव्या दिवशी बटण, टोपली आणि कम्प्युटेड. सहाव्या दिवशी मुद्दाम एक दर बदला आणि पान वरपासून खालपर्यंत तपासा. जुना आकडा एका जरी ठिकाणी दिसला तर तो तिथे हाताने लिहिलेला आहे. तो शोधून काढा. सातव्या दिवशी घरातल्या कुणाला तरी त्यांच्या मोबाइलवर ऑर्डर द्यायला सांगा आणि तुम्ही गप्प बसून बघा. ते जिथे थांबतील, तिथे तुमचं पान सुधारायला हवं.

पुढच्या भागात टोपली टिकवायची कशी आणि ऑर्डर थेट व्हॉट्सॲपवर कशी आणायची ते करू. तोपर्यंत कागद तयार ठेवा, त्याशिवाय पुढचा भाग लावू नका!